एसएफटीपी सर्व्हर: पासवर्ड की 'की'?

शाईदौत
नमस्कार मंडळी. सांगलीत आमचा ऑफसेटचा छापखाना आहे. गणपती उठले की दिवाळी अंकांची धांदल सुरू होते आणि मग मान वर करायला फुरसत नसते, म्हणून हा प्रश्न आत्ताच मार्गी लावायचाय.

ग्राहक त्यांच्या पीडीएफ आमच्या एका उबुंटू सर्व्हरवर एसएफटीपीने, म्हणजे फाइल सुरक्षितपणे पाठवायच्या पद्धतीने, टाकतात. एकूण ३१ खाती. दोन जाहिरात संस्था आणि एक साप्ताहिक यांच्याकडून रात्री स्क्रिप्ट आपोआप फाइल पाठवते. पंधराएक डिझायनर आहेत, ते फाइलझिला किंवा विनएससीपी हे फाइल पाठवायचे प्रोग्रॅम वापरतात. उरलेले संपादक. त्यातले बरेच साठीच्या पुढचे, आणि त्यांना मी स्वतः फोनवर तास-तास बसून लॉगिन शिकवलंय.

आजवर सगळ्यांना पासवर्डच. गेल्या आठवड्यात लॉग (सर्व्हरची नोंदवही) उघडला तर एका रात्रीत 'फेल्ड पासवर्ड'च्या हजारो ओळी. आत कोणी शिरलेलं दिसत नाही, पण माझी झोप उडाली आहे. एखाद्याचं अजून न छापलेलं पुस्तक आमच्या दारातून बाहेर गेलं तर त्या माणसाला मी तोंड कसं दाखवू? भाचा म्हणतो, सगळ्यांना की द्या (पासवर्डऐवजी संगणकातली एक फाइल ओळख पटवते) आणि पासवर्ड बंद करून टाका. माझा जीव त्या संपादकांपाशी अडकलाय. काय करावं?

रातपाळी
पासवर्ड बंद करा. आजच. बाकीचं उद्या बोलू.

मोडीवाचक
शीर्षकात एक 'की' चुकून जास्त पडली असं वाटून मी दोनदा वाचलं. किल्ली म्हणूया का सगळेजण? मराठीत 'पासवर्ड की की' हे वाक्य कुणालाही चकवा देईल.

अबोली
रातपाळी, एवढी घाई नको. उद्या सकाळी ३१ फोन येतील आणि ते शाईदौत यांनाच घ्यावे लागतील.

शाईदौत, तुम्ही माणसांचे तीन गट सांगितलेत ना, त्यातच अर्धं उत्तर आहे. सर्व्हरला एकच नियम लावायची सक्ती नाही. ओपनएसएसएच, म्हणजे सर्व्हरवर एसएफटीपी चालवणारा प्रोग्रॅम, त्याच्या सेटिंगमध्ये 'मॅच ग्रुप' लिहून प्रत्येक गटाला वेगळी पद्धत देता येते. स्क्रिप्टवाल्यांना फक्त किल्ली. तिथे चर्चाच नको, कारण स्क्रिप्टमध्ये पासवर्ड ठेवला की तो कुठल्यातरी फाइलमध्ये उघडा पडून असतो आणि पाच वर्षं कोणी बदलत नाही. डिझायनरनाही किल्ली, त्यांना एकदा दाखवलं की जमतं. संपादकांचा विचार सावकाश करू.

आणि किल्ली का बरी, तेही नीट समजून घ्या. पासवर्डने लॉगिन करताना तो पासवर्ड जसाच्या तसा तुमच्या सर्व्हरपर्यंत येतो. वाटेत तो एन्क्रिप्ट केलेल्या नळीतून येतो हे खरं, पण पलीकडच्या टोकाला उघडा होतो. उद्या कोणी तुमच्या नावाचा खोटा सर्व्हर उभा केला आणि ग्राहकाने डोळे झाकून 'यस' दाबलं, तर पासवर्ड आयता त्याच्या हातात. किल्लीत तसं होत नाही. खाजगी किल्ली ग्राहकाच्या संगणकातून हलतच नाही, तिथून फक्त त्या जोडणीपुरती एक सही येते. ती सही दुसऱ्या जोडणीत चालत नाही.

गोदाकाठ
अबोलीताईंचं तत्त्व बरोबर आहे, पण किल्ली दिली म्हणजे झालं, असं कोणी समजू नये. मी हिशेबाच्या फायली पाठवणाऱ्या एका कंपनीत होतो. समोरच्या पार्टीकडे आम्ही सार्वजनिक किल्ली मागितली. त्यांनी मेलला खाजगी किल्लीच जोडून पाठवली, वर सीसीत अकरा माणसं. किल्लीवर पासफ्रेज, म्हणजे तिचा स्वतःचा पासवर्डही नव्हता. मी फोन केला, तर पलीकडचे साहेब म्हणाले, "तुम्हीच मागितली ना किल्ली?" त्यांचं तरी काय चुकलं? त्यांना कोणी समजावूनच सांगितलं नव्हतं. ती किल्ली त्याच दिवशी बाद केली आणि नवीन करायला मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.

चांगला लांबलचक, दुसरीकडे कुठेही न वापरलेला पासवर्ड हा अशा फिरत्या किल्लीपेक्षा कधीही बरा, असं माझं ठाम मत आहे.

शाईदौत
गोदाकाठ, हेच माझ्याकडेही होणार बघा. ग्राहकाला नेमकं काय पाठवायला सांगायचं, तेच एका वाक्यात सांगा कुणीतरी. सार्वजनिक आणि खाजगी म्हटलं की माझंच डोकं गरगरतं.

अबोली
सार्वजनिक किल्लीला कुलूप म्हणा. ग्राहक तुम्हाला कुलूप पाठवतो, तुम्ही ते दाराला लावता. किल्ली त्याच्या कनवटीलाच. कुलूप शंभर जणांनी पाहिलं तरी बिघडत नाही.

मोडीवाचक
हे आवडलं. 'कुलूप पाठवा, किल्ली पाठवू नका' असा फलकच लावा छापखान्यात. छापायचा खर्च नाही!

बाभूळबन
विंडोजवाल्यांसाठी एक खड्डा सांगून ठेवते, मी तीनदा पडलेय त्यात.

बहुतेक डिझायनर पुट्टीजेन या प्रोग्रॅमने किल्ली बनवतील. माउस फिरवून झाला की वरच्या चौकटीत एक लांब मजकूर दिसतो. सर्व्हरवर नेमकी तीच ओळ लागते. पण लोक ती सोडून खालचं 'सेव्ह पब्लिक की' बटण दाबतात. त्यातून निघणारी फाइल वेगळ्या साच्यात असते, तिच्या सुरुवातीला चार डॅश आणि 'बिगिन एसएसएच२ पब्लिक की' असं लिहिलेलं असतं. ती ऑथराइज्ड-कीजमध्ये (सर्व्हरवरची किल्ल्यांची यादी) चिकटवली तर काही चालत नाही आणि सर्व्हर कारणही सांगत नाही, नुसता पुन्हा पासवर्ड विचारत बसतो. फाइल आलीच असेल तर एसएसएच-कीजेन या आज्ञेला 'वजा आय' देऊन बदलून घेता येते, ग्राहकाला परत त्रास देऊ नका.

दुसरं, ती ओळ एकच असते. मेलमध्ये किंवा वर्डमध्ये चिकटवताना मध्ये कुठे तुटली की गेली. डोळ्यांना दिसत नाही. एडिटरमध्ये 'वर्ड रॅप' बंद करून बघा म्हणजे लगेच कळतं.

आणि किल्लीचा प्रकार निवडताना एड२५५१९ घ्या. ओळ छोटी असते, तुटायची भीती कमी. ५२१ बिटवाली ईसीडीएसए प्रकारची किल्ली कोणाकडे असेल तर ती बदलायला लावा. पुट्टी या प्रोग्रॅमच्या ०.६८ ते ०.८० या आवृत्त्यांत सही करताना एक दोष होता. साठेक सह्या हाती लागल्या की त्यावरून खाजगी किल्ली काढता येत होती. एप्रिल २०२४ मध्ये ०.८१ आली, तिच्यात दुरुस्ती झाली. जुन्या फाइलझिला आणि विनएससीपीतही तोच दोष होता, कारण दोन्हींच्या पोटात पुट्टीचाच कोड. नुसतं सॉफ्टवेअर नवीन करून भागत नाही, ती किल्लीच टाकून द्यावी लागते.

घाटमाथा
एवढं सगळं करण्यापेक्षा सर्व्हर पोर्ट २२ वरून (पोर्ट म्हणजे त्याच्या दाराचा नंबर) दुसरीकडे हलवा. लॉग एकदम शांत होतो. माझा स्वतःचा अनुभव आहे.

रातपाळी
लॉग शांत होतो, घर सुरक्षित होत नाही. दाराचा नंबर बदलला म्हणून कुलूप मजबूत होत नाही, घाटमाथा. वर ३१ जणांना नवीन पोर्ट कळवत बसा, आणि काही ऑफिसांच्या फायरवॉलमधून नेहमीचे ठरावीक पोर्ट सोडून बाकी काही बाहेरच जात नाही.

घाटमाथा
मान्य, पण रोज लॉग वाचणाऱ्या माणसाला कचरा कमी असणं ही मोठी सोय आहे. हजार ओळींत एक खरी ओळ हरवते. मी ते पुरेसं आहे असं म्हणत नाही, सोबतीला करा असं म्हणतोय.

पैलतीर
२२ चा विषय निघाला म्हणून थोडं विषयांतर. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात कोणीतरी नेटवर्कवर बसून पासवर्ड चोरले होते. तातू युल्योनेन तिथे संशोधक होते, त्यांनी त्यावर उपाय म्हणून एसएसएच (एसएफटीपी ज्यावर चालतं ते) लिहिलं. तेव्हा दूरच्या संगणकावर लॉगिन करायचं टेलनेट २३ वर होतं आणि फाइल पाठवायचं एफटीपी २१ वर, मधला २२ मोकळा होता. त्यांनी रीतसर मागितला आणि मिळाला. दोघांचीही जागा घेणारा प्रोटोकॉल नेमका दोघांच्या मध्ये जाऊन बसला, हे मला फार छान वाटतं. म्हणजे मुळात सगळं सुरूच झालं ते चोरीला गेलेल्या पासवर्डांपासून.

सांजवारा
नवीन आहे इथे. एफटीपीएस आणि एसएफटीपी एकच ना?

रातपाळी
नाही. एफटीपीएस म्हणजे जुनं एफटीपीच, टीएलएस या एन्क्रिप्शनच्या पांघरुणाखाली. एसएफटीपी एसएसएचवर चालतं, दोघांचं नातं फक्त नावापुरतं. एफटीपीएसला फाइलींसाठी वेगळे पोर्ट उघडावे लागतात, एसएफटीपीचं सगळं एकाच २२ मधून जातं. छापखान्याला एसएफटीपीच बरं.

सर्व्हरखोली
पूर्ण धागा वाचला, पण सगळ्यात महत्त्वाचं अजून कोणी बोललं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. शाईदौत, हे मनावर घ्या.

पासवर्ड 'बंद केला' असं वाटणं वेगळं आणि तो खरोखर बंद असणं वेगळं. दोन वर्षांपूर्वी एका ग्राहकाच्या उबुंटू सर्व्हरवर मी मुख्य सेटिंग फाइलमध्ये 'पासवर्डऑथेंटिकेशन नो' लिहिलं, सेवा पुन्हा चालू केली आणि निर्धास्त घरी गेलो. तीन आठवड्यांनी सहज दुसऱ्या लॅपटॉपवरून चाचणी घेतली, तर तो चक्क पासवर्ड विचारतोय. अंगावर काटा आला. शोधता शोधता कळलं, मुख्य फाइलच्या सुरुवातीलाच एक 'इन्क्लूड'ची ओळ असते, ती 'एसएसएचडी-कॉन्फिग-डॉट-डी' या फोल्डरमधल्या सगळ्या फाइली आधी वाचते. तिथे क्लाउड-इनिट या प्रोग्रॅमने सर्व्हर उभा करताना '५०-क्लाउड-इनिट' नावाची फाइल ठेवली होती आणि तिच्यात पासवर्ड 'यस' होता. एसएसएचडीमध्ये (सर्व्हरवरचा एसएसएच प्रोग्रॅम) जी किंमत पहिल्यांदा सापडेल तीच धरली जाते. खाली मी लिहिलेल्या 'नो'ला काही अर्थच नव्हता.

दुसरी फट कीबोर्ड-इंटरॅक्टिव्हची. पासवर्ड ही एक पद्धत, कीबोर्ड-इंटरॅक्टिव्ह ही वेगळी पद्धत. पॅम (लिनक्सची लॉगिन तपासणारी यंत्रणा) चालू असेल तर ही दुसरी पद्धतही शेवटी तोच पासवर्ड विचारते. एक दार बंद करून शेजारची खिडकी उघडी ठेवल्यासारखं आहे. दोन्ही 'नो' करावं लागतं.

म्हणून फाइल वाचून खात्री करू नका, सर्व्हरलाच विचारा. 'एसएसएचडी वजा मोठा टी' ही आज्ञा रूट (सर्व्हरचा मुख्य चालक) म्हणून चालवली की तो खरोखर काय मानतोय ते सगळं छापतो. मॅचचे नियम असतील तर सोबत 'वजा मोठा सी' देऊन एखाद्या युजरचं नाव सांगायचं, म्हणजे त्या माणसाला नेमकं काय लागू होतंय ते दिसतं. मग दुसऱ्या संगणकावरून किल्ली न देता लॉगिन करून बघायचं. नकार मिळाला की मगच चहा.

आणि हे बदल करताना चालू असलेली एक जोडणी उघडीच ठेवा. स्वतःच बाहेर कोंडले जाल.

शाईदौत
सर्व्हरखोली, तुमचं वाचून तिथल्या तिथे बघितलं. ती ५० नंबरची फाइल माझ्याकडेही आहे आणि तिच्यात 'यस'च आहे! भाच्याने मागच्या महिन्यात 'बंद करून बघितलं होतं मामा, काही फरक पडला नाही' असं म्हटलं होतं, त्याचा अर्थ आज लागला. मनापासून आभार.

पैलतीर
एक वेगळी वाट सुचवू का? प्रमाणपत्रं. ओपनएसएसएचमध्ये २०१० पासून सोय आहे. प्रत्येकाची सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवत बसायचं नाही. आपली एक मूळ किल्ली करायची आणि तिने ग्राहकाच्या किल्लीवर सही करून द्यायची, मुदतीसकट. दिवाळी अंकाच्या संपादकाला सप्टेंबर ते नोव्हेंबरपुरतंच प्रमाणपत्र. मुदत संपली की दार आपोआप बंद. मी इथे श्टुटगार्टला कामावर हेच वापरतो आणि कोण कधी सोडून गेलं याची यादी सांभाळायची कटकटच संपली.

रातपाळी
तिनशे माणसं असती तर मीही हेच म्हटलं असतं. ३१ खात्यांना ती मूळ किल्ली जपणं हेच नवीन ओझं होईल. ती हरवली तर सगळंच गेलं.

पैलतीर
मुदतीची कल्पना तरी घ्या मग. ऑथराइज्ड-कीजच्या ओळीच्या सुरुवातीला 'एक्स्पायरी-टाइम' लिहून तारीख देता येते. प्रमाणपत्राशिवायही.

गोदाकाठ
हे चांगलं आहे. त्याच ओळीत 'फ्रॉम' लिहून आयपी पत्ताही बांधता येतो. जाहिरात संस्थांच्या स्क्रिप्टसाठी अगदी नेमकं. त्यांचा पत्ता ठरलेला असतो, तेव्हा किल्ली चोरीला गेली तरी दुसरीकडून चालणार नाही. माझा किल्लीवरचा राग अशा अटी घातल्या की बराच निवळतो.

बाभूळबन
आणि किल्ल्या ग्राहकाच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. त्याला तिथे लिहिता येत असेल तर तो, किंवा त्याच्या नावाने आत आलेला कोणीही, आणखी एक किल्ली गुपचूप जोडून ठेवू शकतो. ऑथराइज्ड-कीज-फाइलचा रस्ता सर्व्हरच्या सेटिंगच्या ईटीसी फोल्डरखालच्या वेगळ्या फोल्डरकडे वळवा, मालकी रूटची.

फोल्डरवरून आठवलं. ग्राहकाला क्रूटमध्ये, म्हणजे आपल्या फोल्डरबाहेर जाता येऊ नये असं, बंदिस्त केलंत तर ते वरचं फोल्डर रूटच्या मालकीचं हवं आणि दुसऱ्या कुणाला त्यात लिहिता येता कामा नये, नाहीतर लॉगिन होतं आणि जोडणी लगेच तुटते. ग्राहकाला वाटतं पासवर्ड चुकला. आत 'आवक' नावाचं फोल्डर करून ते त्याच्या मालकीचं करा.

सांजवारा
आमच्या ऑफिसात जुन्या मशीनवरून किल्लीने जायचं बंद झालं. सगळे म्हणतात आरएसए प्रकारची किल्ली आता चालत नाही. खरं का?

अबोली
आरएसए चालतं. बंद झालंय ते एसएचए-१ या जुन्या पद्धतीने केलेली सही. ओपनएसएसएच ८.८ पासून, म्हणजे २०२१ पासून, ती मूळ सेटिंगमध्ये नाकारली जाते. तुमच्या जुन्या मशीनवरच्या प्रोग्रॅमला नवीन सही करता येत नाही एवढंच. तो नवीन करा, तीच किल्ली पुन्हा चालेल. सर्व्हरवर जुनी सही परत चालू करण्याचा सल्ला नेटवर जागोजागी मिळेल, तो सोडून द्या.

रातपाळी
संपादकांचं काय ठरलं? मूळ प्रश्न तोच होता.

अबोली
माझं मत असं. ज्यांना किल्ली जमणारच नाही त्यांना पासवर्ड आणि ओटीपी. गूगल ऑथेंटिकेटरचं पॅम मॉड्यूल बसवायचं, फोनवर दर ३० सेकंदांनी सहा आकडे बदलतात. सर्व्हरचं घड्याळ मात्र बरोबर हवं, ते मागे-पुढे झालं की खरे आकडेसुद्धा नाकारले जातात.

घाटमाथा
आमच्याकडे हे केलं होतं, एक सूचना. फाइलझिलात लॉगिनचा प्रकार 'इंटरॅक्टिव्ह' ठेवावा लागतो. आणि एकावेळच्या जोडण्या एकवर आणा. नाहीतर दोन फाइली ओढल्या की तो दुसरी जोडणी उघडतो आणि पुन्हा आकडे मागतो. चारशे एमबीची पीडीएफ निम्मी गेलेली, त्यात मध्येच चौकट उघडते, आणि काका घाबरून सगळंच बंद करतात.

गोदाकाठ
शाईदौत, संपादक मंडळी किती आहेत नेमकी? आणि त्यातली किती जण एकाच संगणकावरून काम करतात?

शाईदौत
१३. आणि तुम्ही विचारल्यावर लक्षात आलं, त्यातले अकरा जण कायम एकाच संगणकावर असतात. घरचा किंवा कार्यालयातला.

गोदाकाठ
मग माझं आधीचं मत मीच बदलतो. एकच संगणक असेल तर किल्ली हीच सोपी. एकदा कोणीतरी बसवून दिली, पासफ्रेज घातला, की त्यांना सर्व्हरचा पासवर्ड लक्षातच ठेवायचा नाही. वही नको, चिठ्ठी नको. तुम्ही पासवर्ड शिकवायला जेवढे तास फोनवर घालवलेत, त्यापेक्षा एक चक्कर स्वस्त पडेल.

सर्व्हरखोली
आणखी एक फायदा. किल्लीने कोणी आत आलं की लॉगमध्ये त्या किल्लीचा ठसा (तिची ओळख पटवणारी अक्षरं) उमटतो. एकाच खात्याला दोन माणसांच्या दोन किल्ल्या असतील तर फाइल नेमकी कोणी टाकली ते कळतं. 'आम्ही जुना फर्मा पाठवलाच नव्हता' असा वाद निघाला की हे फार उपयोगी पडतं.

शाईदौत (तेरा दिवसांनी)
सगळ्यांना सांगायचं राहून गेलं होतं, म्हणून आज वेळ काढून लिहितोय.

तिन्ही स्क्रिप्ट किल्लीवर आल्या, पत्ता बांधून. डिझायनर सगळे आले. दोघांनी बाभूळबन यांनी सांगितलेलीच चुकीची फाइल पाठवली, मी ती इथेच बदलून घेतली. संपादकांपैकी सांगली, मिरज आणि इस्लामपूर एवढं मी आणि भाचा मोटरसायकलवरून फिरलो. नऊ जणांचं झालं. दोघे पुण्याचे, ते पुढच्या आठवड्यात. एकाच जागी न बसणाऱ्या दोघांना ओटीपी. पुण्याच्या दोघांचं झालं की त्या ओटीपीच्या दोन खात्यांपलीकडे पासवर्ड कुठेच उरणार नाही. 'वजा मोठा टी' चालवून प्रत्येक खातं तपासलं. लॉगमधल्या ओळी अजून येतात, पण आता त्या वाचताना छातीत धस्स होत नाही.

अबोली
किती छान. सर्व्हरच्या किल्लीचा ठसा पहिल्या जोडणीच्या वेळी ताडून पाहिलात ना? 'यस' दाबण्याआधी?

शाईदौत
पाहिला. घरी गेलो तिथे समोरच पाहिला. एक संपादक गावाला गेले होते, त्यांचं फोनवरून करावं लागलं. ७२ वर्षांचे आहेत, चाळीस वर्षं मुद्रितशोधन केलेलं. मी म्हटलं, सगळी ४३ अक्षरं वाचायची गरज नाही, सुरुवातीची आणि शेवटची आठ-आठ पुरे. ते म्हणाले, "अर्धं प्रूफ मी आयुष्यात वाचलेलं नाही." मग मी इथून एकेक अक्षर वाचत गेलो आणि ते तिकडे पेन्सिलीने टिंब करत गेले. मोठा के, लहान के, शून्य, मोठा ओ. एकोणतिसाव्या अक्षराला त्यांनी मला थांबवलं. मी लहान एल म्हणालो होतो, त्यांच्या पडद्यावर मोठा आय होता. पुन्हा नीट बघितलं. त्यांचंच बरोबर होतं.